विमानाची राखण



उजळाईवाडीच्या माळावर १९३९ सालीं छत्रपति राजाराम महाराजांनीं विमानतळ उघडला, तेव्हां विमान नुसतें पाहावयास जाणें हाच करवीरकरांना एक सोहळा होता. आतां त्याच माळावर महाराजांच्या नांवाचा विमानतळ आहे, मार्च २०२४ मध्यें त्याच्या नव्या इमारतीचें उद्घाटन झालें, आणि विमानांत बसणें ही राजेरजवाड्यांची चैन उरलेली नाहीं. अंबाबाईच्या दर्शनास आलेली एखादी वृद्ध बाईहि विमानानें घरीं परत जाते. परंतु विमानाच्या शिडीपर्यंत पोहोंचण्यापूर्वीं तिला एका चौकटींतून जावें लागतें, अंगावरून धातुशोधक कांडी फिरवून घ्यावी लागते, आणि ओटीचा नारळ हातांतल्या पिशवींत असेल तर तो बाहेर काढून ठेवावा लागतो. मागें रांगेंत उभा असलेला गृहस्थ पुटपुटतो, "ह्या म्हातारीपासून का विमानाला भय?"

नारळापुरतें उत्तर सोपें आहे. सुक्या खोबऱ्यांत तेल पुष्कळ, तें आपोआप तापून पेट घेऊं शकतें. म्हणून पोटांतल्या कोठारांत ठेवावयाच्या सामानांतहि त्याला मज्जाव आहे. ओल्या नारळाला तेथें मोकळीक असली तरी हातांतल्या पिशवींत तो चालत नाहीं. २०२४ सालीं शबरीमलैच्या यात्रेकरूंसाठीं नारळ जवळ बाळगण्याची सवलत सरकारला मुद्दाम काढावी लागली, आणि तीहि २० जानेवारी २०२५ पर्यंतच, ह्यावरून एरव्हींचा कडकपणा ध्यानांत येईल. पण त्या गृहस्थाच्या मनांतला प्रश्न नारळाचा नाहीं. त्याला वाटतें, कीं विमानावरचें संकट जर प्रवाशाच्या रूपानें येतें, तर तें असल्या प्रवाशाच्या रूपानें खचित येणार नाहीं; मग हा सारा खटाटोप कशाकरितां? ह्या शंकेंत तथ्य आहे. विमानांवर आलेल्या मोठ्या संकटांचा इतिहास पाहिला, तर प्रवाशांच्या दारानें आलेल्या संकटांइतकींच दुसऱ्या दारांनीं आलेलीं संकटें दिसतात. आणि त्या दुसऱ्या दारांचा विचार केल्यावांचून ह्या दाराचा अर्थ नीट लागत नाहीं.

उतारूंच्या विमानांत घातपात करण्याची कल्पना विमानाच्या बाल्यावस्थेइतकीच जुनी आहे. १० ऑक्टोबर १९३३ रोजीं अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांत चेस्टरटन गांवाजवळ एक बोइंग विमान आकाशांतच फुटलें आणि आंतील सातहि माणसें मेलीं. स्फोटक ठेवलें होतें हें सिद्ध झालें. कोणीं ठेवलें हें कधींच कळलें नाहीं. १६ जुलै १९४८ रोजीं मकावहून हाँगकाँगला निघालेलें 'मिस मकाव' नांवाचें समुद्रविमान प्रवासी म्हणून बसलेल्या लुटारूंनीं ताब्यांत घेण्याचा यत्न केला. झटापटींत तें समुद्रांत कोसळलें. सव्वीस जणांपैकीं एकच वांचला, आणि तोहि लुटारूंपैकीं! परंतु आज मला ज्या विमानाची हकीकत विस्तारानें सांगावयाची आहे तें आपलें होतें, आणि त्याच्या चालकांचीं नांवें मराठी कानाला परकीं वाटणारीं नाहींत.

१९५५ च्या एप्रिलमध्यें इंडोनेशियांतील बांडुंग शहरीं आशिया व आफ्रिका खंडांतील राष्ट्रांची परिषद भरावयाची होती. चिनी शिष्टमंडळांतील कांहीं मंडळी आणि वार्ताहर ह्यांस तेथें पोहोंचविण्यासाठीं एअर इंडियाचें 'काश्मीर प्रिन्सेस' हें चार इंजिनांचें कॉन्स्टेलेशन जातीचें विमान ठरविण्यांत आलें. चीनचे पंतप्रधान चौ एन लाय हेहि त्याच विमानानें जाणार असा बोलबाला होता; प्रत्यक्षांत ते त्यांत नव्हते. विमानाचे कप्तान डी. के. जटार, सहवैमानिक दीक्षित, नॅव्हिगेटर पाठक, विमानाची देखभाल करणारे इंजिनियर अनंत कर्णिक, आणि ग्लोरिया बेरी नांवाची हवाई सुंदरी. नोकरवर्ग आठ आणि प्रवासी अकरा, अशीं एकोणीस माणसें घेऊन ११ एप्रिल रोजीं विमान हाँगकाँगहून निघालें.

पांच तास सारें सुरळीत चाललें. दक्षिण चिनी समुद्रावर, अठरा हजार फुटांच्या उंचीवर, एकाएकीं एक दबका आवाज झाला. पाठोपाठ धूर प्रवाशांच्या खोलींत येऊं लागला, आणि उजव्या पंखावर, तिसऱ्या इंजिनाच्या मागें, आग दिसूं लागली. कॅप्टन जटारांनीं तें इंजिन बंद केलें व उरलेल्या तीन इंजिनांवर विमान खालीं आणण्यास आरंभ केला. बिनतारी यंत्र निकामी होण्यापूर्वीं संकटाची हांक तीन वेळां गेली, आणि तींत विमानाचें ठिकाण, नातुना बेटांजवळचें, कळविण्यांत आलें. विमानांत ह्या वेळीं काय चाललें असेल ह्याची कल्पना करा. पंख जळत आहे, धूर कोंडला आहे, आणि ग्लोरिया बेरी एकेका प्रवाशाला पाण्यावर तरंगण्याचें जाकीट देत आहे. समुद्राला लागतांच बाहेर पडतां यावें म्हणून संकटकाळचीं दारें उघडून ठेवलेलीं. जटारांनीं विमान पाण्यावर उतरविण्याची पराकाष्ठा केली. परंतु उजव्या पंखाचें टोंक आधीं पाण्याला लागलें आणि विमानाचे तुकडे झाले.

सोळा माणसें गेलीं. दीक्षित, पाठक आणि कर्णिक हे तिघे कित्येक तास पोहून एका बेटाला लागले व पुढें ब्रिटिश आरमाराच्या एका नौकेनें त्यांना उचलून आणलें. जटार व ग्लोरिया बेरी ह्यांस मरणोत्तर, आणि ह्या तिघांस हयातींत, अशोकचक्र पदकें मिळालीं. कर्णिकांनीं पुढें ही सारी हकीकत 'काश्मीर प्रिन्सेस' ह्याच नांवाच्या इंग्रजी पुस्तकांत लिहून ठेविली. विमानाच्या अंगोपांगांचा जाणता मनुष्य स्वतः त्या अपघातांतून वांचावा, ही शोध करणाऱ्यांच्या दृष्टीनें मोठीच गोष्ट होय.

शोध झाला तो असा. इंडोनेशिया सरकारनें चौकशी केली. समुद्रांतून विमानाचे अवशेष काढण्यांत आले, आणि त्यांत घड्याळी यंत्राचे वेडेवांकडे तुकडे सांपडले. उजव्या चाकाच्या पोकळींत टाइमबाँब ठेवलेला होता. तो ठेवला कोणीं? हाँगकाँगच्या पोलिसांचा संशय तेथल्या विमानतळावर विमानांची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्या कंपनीच्या एका झाडूवाल्यावर आला. चँग कै शेकच्या पक्षाच्या हस्तकांनीं त्याला मोठी रक्कम देऊं केली होती, असें पोलिसांना आढळून आलें. पण १८ मे रोजीं तो मनुष्य विमानानेंच फॉर्मोसाला पळून गेला आणि त्याच्यावर खटला कधींच चालला नाहीं.

येथें क्षणभर थांबावें. त्या अकरा प्रवाशांची झडती नखशिखांत घेतली असती, त्यांच्या टोप्या उसवून पाहिल्या असत्या, तरी बाँब सांपडता ना. शिवाय विमानाला धोका आहे हा इशारा चीनच्या सरकारनें आदल्याच दिवशीं ब्रिटिशांना दिलेला होता! परंतु झाडू घेऊन विमानापाशीं जाणारा मनुष्य कोणाला खुपणार? तेथें असणें हें त्याचें कामच होतें. कुलूप फोडून तो आंत शिरला नाहीं. कुलपाची किल्ली त्याच्या हातीं रीतसर दिलेली होती.

आपल्याकडे गडकिल्ल्यांची राखण करणाऱ्यांना ही गोष्ट चांगली ठाऊक होती. शिवछत्रपतींच्या वेळीं एका गडाचा कारभार एकाच्या हातीं नसे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे बरोबरीच्या अधिकाराचे. धान्याच्या व दारूगोळ्याच्या कोठाराचा हिशेब कारखाननिसाकडे निराळा. एक फितूर झाला तरी दुसरे दोघे उरावेत, आणि तिघांच्या संमतीवांचून गडाचा दरवाजा हलूं नये, हा त्यांतला हेतु. रामचंद्रपंत अमात्यांनीं ह्याच करवीर राज्याच्या छायेंत लिहिलेल्या आज्ञापत्रांत दुर्गांवर स्वतंत्र प्रकरण घातलें, तें ह्या अनुभवाच्याच जोरावर. शत्रूची तोफ तटाला लागते. फितुरी मात्र आंतून दिंडी उघडते. विमानाला तट नाहीं, पण दिंड्या पुष्कळ आहेत: झाडूवाल्याची, इंधन भरणाऱ्याची, खाण्याचे डबे चढविणाऱ्याची, सामान लादणाऱ्याची.

सामानाच्या दिंडीनें काय झालें तें आपण सारे जाणतां. २३ जून १९८५ रोजीं एअर इंडियाचें 'कनिष्क' विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ, एकतीस हजार फुटांवर, स्फोटानें फुटलें. ३२९ माणसांपैकीं एकहि वांचलें नाहीं. माँट्रिअलहून लंडन, दिल्ली व पुढें मुंबई असा त्याचा मार्ग होता. ज्या पेटींत बाँब होता ती पेटी व्हँकूवरच्या विमानतळावर एका मनुष्यानें दिली. त्याची पुढच्या विमानांतील जागा पक्की झालेली नव्हती, त्यामुळें पेटी थेट पुढें पाठवितां येत नाहीं असें खिडकीवरील बाईनें त्याला सांगितलें. त्यानें हुज्जत घातली. मागें रांग खोळंबली होती. अखेर बाईनें चिठ्ठी लावून पेटी पुढें धाडली. पेटी विमानांत चढली. तो मनुष्य कधींच चढला नाहीं. टोरोंटोला सामान पाहण्याचें क्ष-किरण यंत्र मध्येंच बिघडलें, आणि पुढचें सामान हातांत धरावयाच्या एका उपकरणानें तपासण्यांत आलें. त्याच दिवशीं जपानांत नारिता विमानतळावर अशीच दुसरी पेटी, एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानांत चढण्याआधीं, फुटली आणि दोन हमाल मेले. कॅनडा सरकारनें नेमलेल्या न्यायमूर्ति मेजर ह्यांच्या आयोगाचा अहवाल २०१० सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत चुकांची ही सारी मालिका ओळीनें मांडलेली आहे. मला ह्यांत सर्वांत भयंकर वाटते ती ती रांग. तीनशें एकोणतीस जिवांचा घात एका खिडकीवरच्या भिडेंतून सुरू झाला.

तिसरी दिंडी गणवेशाची. ५ सप्टेंबर १९८६ रोजीं मुंबईहून निघालेलें पॅन अमेरिकन कंपनीचें विमान कराचीला उभें असतां, विमानतळाच्या पहारेकऱ्यांचे कपडे घातलेले चार बंदूकधारी, पहाऱ्याच्या गाडीसारख्या दिसणाऱ्या गाडींतून सरळ विमानापाशीं आले आणि शिडीनें वर चढले. विमानांतल्या नोकरांनीं इशारा देतांच वैमानिक छतांतील झडपेनें निसटले, आणि त्यामुळें विमान जमिनीवरच राहिलें. वैमानिकांनीं प्रवाशांना सोडून जावें काय, ह्यावर त्या वेळीं पुष्कळ वाद झाला. माझ्या मतें त्यांनीं केलें तें योग्य होतें. जें विमान उडूं शकत नाहीं त्याचें शस्त्र करतां येत नाहीं. पण त्याची किंमत आंत उरलेल्यांनीं भरली. सोळा-सतरा तासांनीं दिवे मंदावले, अंधारांत गोळीबार सुरू झाला, सुमारें वीस माणसें प्राणांस मुकलीं. मुंबईची बावीस वर्षांची नीरजा भनोत हिनें संकटकाळचें दार उघडून प्रवाशांना बाहेर काढलें आणि ती स्वतः गोळीला बळी पडली. तिलाहि अशोकचक्र मिळालें.

झाडू, सामानावरची चिठ्ठी, पहारेकऱ्याचा गणवेश. तिन्ही ठिकाणीं संकट योग्य खूण धारण करून आलें. म्हणून आजच्या राखणीचें मर्म झडतींत नाहीं, मोजदादींत आहे. वाण्याच्या दुकानीं रात्रीं वही मिटण्यापूर्वीं जमा आणि खर्च जुळवून पाहतात, तशी विमान सुटण्यापूर्वीं माणसें व पेट्या ह्यांची जुळणी होते. पेटी चढली आणि धनी चढला नाहीं, तर पेटी हुडकून उतरवितात, मग विमानाला तासभर उशीर झाला तरी बेहत्तर. वडील मंडळींना आठवत असेल, कीं एके काळीं आपल्या देशांत विमानाशेजारीं पेट्या मांडून ठेवीत, आणि ज्यानें त्यानें आपली पेटी बोट करून दाखविल्यावरच ती आंत जाई. उन्हांत उभें राहून पेटी दाखवितांना लोक कुरकुरत. परंतु ज्या पेटीकडे कोणीच बोट केलें नाहीं ती माळावरच राहात असे. आतां तेंच काम यंत्रें करतात. विमानापाशीं जाणाऱ्या नोकरांची पोलिसांकडून आधीं माहिती काढतात, मगच त्यांना परवाना मिळतो, आणि परवाना असला तरी रोजची झडती त्यांनाहि चुकत नाहीं. हाँगकाँगच्या त्या झाडूवाल्याला हें द्यावयास उशीर झालेलें उत्तर आहे.

आपल्या देशांत ही व्यवस्था एकदम उभी राहिली नाहीं. दर वेळीं एकेक प्रसंग घडावा लागला. १९७६ च्या सप्टेंबरांत इंडियन एअरलाइन्सचें विमान पळवून लाहोरला नेण्यांत आलें, त्यानंतर पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्यें नागरी विमानांच्या सुरक्षेसाठीं एक लहानसा विभाग निघाला. कनिष्कनंतर, १ एप्रिल १९८७ पासून, त्याचें स्वतंत्र खातें झालें. डिसेंबर १९९९ मध्यें काठमांडूहून निघालेलें विमान पळवून कंदाहारला नेलें, आठ दिवस ओलीस ठेवलें, एका तरुण प्रवाशाचा खून झाला आणि तीन अतिरेक्यांना सोडावें लागलें. त्यानंतर फेब्रुवारी २००० पासून विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल येऊं लागलें. जगांतहि हेंच. डिसेंबर २००१ मध्यें एकानें जोड्यांत स्फोटक लपविलें, म्हणून जोडे तपासूं लागले. ऑगस्ट २००६ मध्यें लंडनला द्रव स्फोटकांचा कट सांपडला, म्हणून बाटल्यांवर बंधन आलें. काल चोर खिडकीनें आला म्हणून आज खिडकीला गज बसवावयाचे, अशी ही रीत आहे. तिला हंसणें सोपें आहे. पण गज नकोत असें कोण म्हणेल?

गजाचा उलटा प्रकारहि एकदां घडला. सप्टेंबर २००१ मध्यें अमेरिकेंत विमानें पळवून इमारतींवर आदळविण्यांत आलीं, तेव्हांपासून वैमानिकांच्या खोलीला गोळी न भेदणारें, आंतून बंद होणारें दार आलें. २४ मार्च २०१५ रोजीं जर्मनविंग्ज कंपनीच्या विमानांत मुख्य वैमानिक क्षणभर बाहेर गेला असतां सहवैमानिकानें तेंच दार आंतून लावून घेतलें, आणि फ्रान्समधील आल्प्स पर्वतावर विमान आदळविलें. दीडशें माणसें गेलीं. त्यानंतर त्या खोलींत एकट्यानें राहूं नये असा दंडक युरोपांत पुष्कळ कंपन्यांनीं घातला. पुढें कांहीं ठिकाणीं तो सैलहि झाला. हवालदाराजवळ सबनीस हवा, हें येथेंहि आलेंच.

आतां आपल्या घरचा प्रश्न. कोल्हापूरचा मनुष्य प्रवासाला निघाला, कीं त्याच्याबरोबर दुसऱ्या चार जणांची पुडकीं निघतात. "आमच्या भाच्याला एवढा कांदा-लसूण मसाला द्या." "मुलीची साडी आहे हो, स्टेशनवर घ्यायला येईल कोणीतरी." नाहीं म्हणणें आपल्याला जड जातें, पुडकें उघडून पाहणें तर त्याहून जड, कारण तें अविश्वास दाखविल्यासारखें होतें. मला ही चाल प्रिय आहे. पोस्टानें मसाला जाईल, माया जाणार नाहीं. परंतु १७ एप्रिल १९८६ रोजीं लंडनच्या हीथ्रो विमानतळावर काय झालें तें ऐका. एक आयरिश तरुणी, गरोदर, इस्राएलला निघाली होती. जो तिच्याशीं लग्न करणार होता त्यानें तिची बॅग भरून दिली आणि आपण मागाहून येतों म्हणून सांगितलें. विमानतळाच्या सर्वसाधारण तपासणींतून ती बॅग पार पडली. इस्राएली विमान कंपनीच्या पहारेकऱ्यांना मात्र रिकामी केलेली बॅगहि जड लागली. तळाखालीं दुसरा तळ होता आणि त्यांत दीड किलो स्फोटक होतें. तिला त्याचा पत्ताहि नव्हता. त्या विमानांत ती, तिच्या पोटचें बाळ आणि पावणेचारशें माणसें होतीं. त्या पुरुषाला पंचेचाळीस वर्षांची शिक्षा झाली.

ह्यावर मी सुचवितों तें एवढेंच, कीं पुडकें न्यावयाचें तर देणाऱ्याच्या समोर सोडावें, आंतला जिन्नस पाहावा आणि आपल्या हातानें पुन्हां बांधावा. "विमानवाले विचारतात हो," असें म्हटलें कीं देणाऱ्याला फारसा राग येत नाहीं. आणि तें खोटेंहि नाहीं. अनोळख्यानें ऐन विमानतळावर पुढें केलेल्या पिशवीला मात्र हात लावूं नये, मग तो कितीहि काकुळतीला येवो. तसेंच, तपासणीच्या रांगेंत "माझ्या पेटींत बाँब आहे" असा विनोद करणारे कांहीं रसिक असतात. २०२४ च्या ऑक्टोबरांत अशा खोट्या धमक्यांचा भारतांत पूर आला. थोड्या दिवसांत शेंकडों विमानांना त्रास झाला, कित्येक वाटेंत उतरवावीं लागलीं. काश्मीर प्रिन्सेसच्या बाबतींत इशारा खरा होता. म्हणून पुढचा प्रत्येक इशारा खरा धरूनच पाहावा लागतो, आणि शंभरांतील नव्व्याण्णव खोटे असले तरी पहारेकऱ्याला ते शंभरच्या शंभर वाचावे लागतात.

सामान देतांना खिडकीवरची मुलगी विचारते, "ही पेटी आपण स्वतः भरली का? कोणीं कांहीं दिलें आहे का?" बहुतेक जण मनगटावरच्या घड्याळाकडे पाहात, ऐकण्यापूर्वींच, "हो" आणि "नाहीं" म्हणून मोकळे होतात. पुढच्या वेळीं मागें रांग कितीहि लांब असो, उत्तर देण्यापूर्वीं जरा आठवून पाहा, कीं आज सकाळीं घरून निघतांना शेजारच्या काकूंनीं ती डबी कोणत्या कप्प्यांत ठेवली.